गावातल्या जुन्या टेनिस स्पर्धेचा इतिहास कसा काढायचा: फळ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

दोन वर्षांपूर्वी कोर्टावरून घाम पुसत बाहेर येत होतो तेवढ्यात आमच्या सोलापुरातल्या क्लबातल्या एका काकांनी गाठलं आणि म्हणाले, "तू लिहितोस ना काहीबाही, मग आपल्या टूर्नामेंटचा इतिहास लिहून टाक, चार पानं, स्मरणिकेत द्यायचाय, आठ दिवसांत दे." मी हो म्हणून बसलो. आठ दिवसांचे सात महिने झाले, स्मरणिका लांबली आणि काका अजून चारचौघांत टोमणे मारतात. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या संध्याकाळी डबल्सला पार्टनर मिळायचा नाही. पण त्या सात महिन्यांत हे काम कसं करायचं आणि त्याहून जास्त म्हणजे कसं करायचं नाही ते पक्कं कळलं, म्हणून हे लिहितोय. सोलापूर असो, बार्शी असो की सांगली-कोल्हापूर, जिथं एखादी स्पर्धा पन्नास-साठ वर्षं सालाबादप्रमाणे चालूय तिथल्या कुणाच्यातरी गळ्यात हे काम आज ना उद्या पडणारच आहे.

सुरुवात कुठून करायची, तर वर्षं मोजण्यापासून. सोपं वाटतं पण पहिला भांडणाचा मुद्दा हाच. स्पर्धेला किती वर्षं झाली आणि यंदाची स्पर्धा कितवी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बॅनरवर हमखास एकाच्या जागी दुसरं छापलं जातं. विम्बल्डन घ्या. पहिली स्पर्धा 1877 ला झाली, 22 जण खेळले, फक्त पुरुषांची सिंगल्स. 1877 पासून 2024 पर्यंत दोन्ही टोकं धरून मोजली तर 148 वर्षं होतात, पण 2024 ची स्पर्धा होती 137 वी. कारण पहिल्या महायुद्धात 1915 ते 18 चार वर्षं गेली, दुसऱ्यात 1940 ते 45 सहा, आणि 2020 ला कोरोना. झाली की अकरा. आता आपल्याकडं कुणीतरी पहिलं साल काढतो, चालू सालातून वजा करतो आणि अमृतमहोत्सव जाहीर करून मोकळा होतो. वजाबाकी केली की एक कमी येतो, खाडे धरले नाहीत की पाच-सहा जास्त येतात, आणि दोन्ही चुका एकत्र झाल्या की देवच मालक. म्हणून एक मोठी वही किंवा एक्सेल शीट घ्या आणि पहिल्या सालापासून आजपर्यंत दर सालाला एक ओळ, ती ओळ रिकामी राहिली तरी चालेल पण ओळ हवीच.

दुसरं, "तीच स्पर्धा" म्हणजे काय ते आधी ठरवा. नाव बदललं, जागा बदलली, करंडक बदलला, देणगीदार बदलला, तरी तीच म्हणायची का? अमेरिकेत सिनसिनाटीची स्पर्धा 1899 पासून आहे, मधली कित्येक वर्षं ती ट्राय-स्टेट या नावानं ओळखली जायची, आधी मातीवर व्हायची, 1979 ला शेजारच्या मेसन गावात हार्ड कोर्टावर गेली, आणि तरी लोक 1899 पासूनच मोजतात. उलट चेन्नईची एटीपी (पुरुष व्यावसायिकांची) स्पर्धा 2018 ला पुण्यात बालेवाडीला आली तेव्हा तिचं नावच महाराष्ट्र ओपन झालं आणि पुणेकरांनी काही स्वतःला चेन्नईच्या इतिहासाचा वारसदार मानलं नाही. दोन्ही चालतं. माझा नियम साधाय, आयोजक तेच असतील किंवा निदान करंडक तोच फिरत असेल तर स्पर्धा तीच, दोन्ही बदललं तर नवीन. तुमचा नियम वेगळा असेल तर असू दे, पण तो पहिल्या पानावर लिहून टाका म्हणजे नंतर कुणी कॉलर धरणार नाही.

आणि जुनेपणाची फुशारकी मारताना एक भिंत लक्षात ठेवा. आज आपण खेळतो त्या लॉन टेनिसचं पेटंट मेजर विंगफिल्ड नावाच्या माणसानं 1874 ला घेतलं. आपल्या देशात लाहोरला पंजाब चॅम्पियनशिप 1885 ला, कलकत्त्याला बंगाल चॅम्पियनशिप 1887 ला आणि अलाहाबादला अखिल भारतीय स्पर्धा 1910 ला झाली. अखिल भारतीय संघटना झाली 1920 ला. तेव्हा तुमच्या गावात कुणी "आमची टूर्नामेंट दीडशे वर्षांची" म्हणालं तर नमस्कार करा आणि कागद मागा. सोलापुरात रेल्वे 1860 लाच आली, जुनी मिल 1870 च्या दशकातली, म्हणजे साहेबलोक आणि त्यांच्या रॅकेटी इथं लवकर पोचल्या असणं अगदी शक्य आहे, पण शक्य आहे आणि झालं यात फरक असतो ना.

आता फळा. प्रत्येक क्लबात एक सागवानी मानफलक असतो, सोनेरी अक्षरांत विजेत्यांची नावं. नवखा माणूस काय करतो, मोबाईलवर त्याचा फोटो काढतो, घरी येऊन टाइप करतो आणि म्हणतो झाला इतिहास. मीही हेच केलं. पण फळा दरवर्षी रंगवला जात नाही हो! चार-पाच वर्षं साठतात, मग कुणालातरी आठवण होते, मग पेंटरला बोलावतात आणि सेक्रेटरी आठवेल तशी नावं सांगतो. आमच्या फळ्यावर एका जागी सलग सहा नावं एकाच हातची आहेत, तोच "श्री", तीच वेलांटी, तोच सोनेरी रंगाचा जरा हिरवट तुकडा. म्हणजे ती सहा वर्षं एकाच दिवशी रंगवली गेली. अशी सलग एकहाती अक्षरं दिसली की समजायचं, इथं स्मरणशक्तीचा कारभार आहे, इथं तपासायचं.

फळ्यापेक्षा करंडक बरा, कारण त्यावर नाव बहुतेक त्याच वर्षी कोरलं जातं, नाहीतर जिंकणारा सोडत नाही. पण करंडक कपाटातून काढला की क्लबातला शिपाई प्रेमानं चिंच-राख घेऊन बसतो, त्याला आधी थांबवा. घासून घासून अक्षरं जातात, आमच्या महिला डबल्सच्या कपाची पहिली तीन नावं अशीच गेलीत. न घासता वाचायचा उपाय सांगतो. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूनं अगदी तिरका, कपाला जवळजवळ टेकवून धरा, कोरलेल्या रेघेत सावली पडते आणि पुसट अक्षर वर येतं. तरी नाही दिसलं तर पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी हलक्या हातानं घासा, लहानपणी नाण्याचं चित्र काढायचो तसं. लाकडी शिल्ड असेल तर छोट्या पट्ट्यांच्या मागची बाजूही बघा, कधीकधी खिळा निघालेली पट्टी उलटी लावलेली असते.

इथंच मला तो घोळ सापडला ज्यानं माझे दोन महिने खाल्ले. फळ्यावर 1963 ला एक नाव, 1964 ला दुसरं नाव. करंडकावर दोन्ही नावं 1964 च्या पुढं! आणि 1963 गायब. सगळे म्हणाले कोरणाऱ्यानं चूक केली, सोड, फळ्यावरचं घे. मीही घेतलं असतं. पण त्याच सुमारास स्टोअररूममध्ये, फाटक्या नेटांच्या आणि रोलरच्या तुटक्या दांड्याच्या मागं, लाल कापडी बांधणीच्या किर्द-खतावणीच्या वह्या सापडल्या.

हे जरा सविस्तर सांगतो कारण माझ्या मते सगळ्या कामात हिशेबाच्या वहीइतकी खरी वस्तू दुसरी नाही. भाषणात माणूस खोटं बोलतो, स्मरणिकेत तर बोलतोच, पण चुन्याच्या चार आण्यांसाठी कोण कशाला खोटं लिहील? आणि स्पर्धा म्हटली की खर्च आला. मुरूम टाकला, रोलर फिरवायला दोन माणसं लावली, पाणी मारलं, लाइनी आखायला चुना आणला, नेटाला दोरी, कोण कुणाशी खेळणार त्याचा ड्रॉ छापला, खुर्च्या भाड्यानं आणल्या, बॉल मागवले. प्रत्येक नोंदीपुढं तारीख. म्हणजे विजेता कोण ते वही सांगणार नाही, पण स्पर्धा झाली का आणि कोणत्या दिवसांत झाली हे ती अचूक सांगते. आमच्या 1963 च्या डिसेंबरात मुरूम आहे, चुना आहे, एक डझन बॉल आहेत, पोरांची मजुरी आहे. मग एकदम शांत. बक्षीस समारंभाचा खर्चच नाही! पान उलटून जानेवारी 1964 च्या शेवटाकडं गेलो तर पुन्हा चुना, सहा बॉल, पंचवीस खुर्च्यांचं भाडं, आणि खाली "लिंबू व साखर". लिंबू-साखर म्हणजे सरबत, सरबत म्हणजे पाहुणे, पाहुणे म्हणजे फायनल. फायनल पुढं ढकलली गेली होती. 1963 ची स्पर्धा 1964 च्या जानेवारीत संपली आणि पुढची स्पर्धा 1964 च्या डिसेंबरात झाली, म्हणजे एकाच कॅलेंडर वर्षात दोन विजेते. फळाही बरोबर, करंडकही बरोबर, चुकलो होतो आम्ही.

ढकलली का, ते वहीत नव्हतं. ते पुढं सांगतो.

हा घोळ आपल्या भागात सगळीकडं होणार कारण आपल्याकडं स्पर्धा हिवाळ्यातच घ्याव्या लागतात, एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी कोर्टावर उभं राहून दाखवा म्हणजे कळेल. डिसेंबर-जानेवारीचा जोड आला की साल सरकतं. त्यात हिशेबाचं वर्ष मार्चला संपतं, क्लबचा अहवाल 1963-64 म्हणतो, पेपरवाला तिथी टाकतो. म्हणून शीटमध्ये नुसतं साल लिहू नका, फायनलची तारीख असा वेगळा कॉलम करा आणि जुनी वही मोडीत असेल तर घाबरू नका, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, चहा पाजला की अर्ध्या दिवसात पंधरा पानं वाचून देतात.

आता स्कोअर. जुना स्कोअर हा नुसता आकडा नसतो, त्यावरून कागद खरा की खोटा ते कळतं. टायब्रेक, म्हणजे बरोबरीत अडकलेला सेट निकाली काढणारा एकच जादा गेम, यायच्या आधी सेट दोन गेमच्या फरकानंच संपायचा, 8-6, 10-8, कधी 14-12. टायब्रेक मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा आला 1970 ला यूएस ओपनमध्ये. तेव्हा कुणी 1958 च्या फायनलचा स्कोअर 7-6 सांगत असेल तर एकतर साल चुकलंय किंवा स्कोअर नंतर कुणीतरी अंदाजानं ठोकलाय. उलट 9-8 असा विचित्र सेट दिसला तर लगेच चूक म्हणून खोडू नका, विम्बल्डननं 1971 ला टायब्रेक घेतला तो 8-8 वर, 6-6 वर आणला 1979 ला, मधल्या काळात कुठल्या क्लबानं ते बघून तसंच केलं असू शकतं. डबल्सला बऱ्याचदा नऊ गेमचा एकच सेट खेळवायचे तेही ध्यानात असू द्या. जुन्या ड्रॉवर नावापुढं "ओ 15" किंवा "रिसीव्ह 30" असं काही दिसलं तर ती हँडिकॅपची स्पर्धा, म्हणजे तगडा खेळाडू वजा पॉइंटवरून सुरू करणार आणि कच्चा खेळाडू फुकटचे पॉइंट घेऊन. त्यातला विजेता खुल्या गटाच्या यादीत घुसडू नका. आणि फार जुन्या स्पर्धेत एखादा विजेता एकच मॅच खेळून चॅम्पियन झालेला दिसेल, त्यातही गडबड असेलच असं नाही, पूर्वी चॅलेंज राउंड असायचा, गतविजेता थेट फायनलला बसून राहायचा. विम्बल्डनलाही 1921 पर्यंत हेच चालायचं.

वॉकओव्हर दिसला की तर थांबाच. दोन अक्षरं लिहिलेली असतात पण गोष्ट तिथंच असते. 1974 चा डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांच्या टीमची टेनिस स्पर्धा, काढून बघा, विजेता दक्षिण आफ्रिका, उपविजेता भारत, स्कोअर नाही. नुसती यादी वाचणाऱ्याला काय कळणार की विजय आणि आनंद अमृतराजची ती टीम फायनलला पोचली होती आणि वर्णद्वेषाच्या विरोधात भारतानं खेळायलाच नकार दिला! आपल्या गावातल्या वॉकओव्हरमागं एवढं मोठं काही नसेल, ताप असेल, बदलीची ऑर्डर असेल, भांडण असेल. पण विचारा.

हरलेल्यांचा कॉलम ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या फळ्यावर उपविजेत्याला जागाच नाही, बहुतेक ठिकाणी नसते. सांगलीचे नंदू नाटेकर ज्युनियर नॅशनल टेनिसच्या फायनलला रामनाथन कृष्णनकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडं वळले, 1956 ला क्वालालंपूरला जिंकून परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय झाले. आता त्या टेनिस फायनलच्या यादीत फक्त जिंकणारा लिहिला तर नाटेकर त्यात नाहीतच. हरणारा माणूस पुढं काय होईल सांगता येत नाही.

नावांची कटकट वेगळीच. जुन्या यादीत "व्ही. जी. कुलकर्णी" असं असतं आणि सोलापुरात व्ही. जी. कुलकर्णी दगड मारला तरी एकाला लागतील. त्यामुळं नोकरी कुठं होती, कोणत्या मिलमध्ये, कोणत्या ऑफिसात, हे नावासोबत टिपा. बायकांची नावं तर जपूनच. लग्नाआधी कुमारी अमुक म्हणून दोनदा जिंकली, लग्नानंतर सौ. तमुक म्हणून तीनदा, आणि यादीत दोन वेगळ्या खेळाडू. हे आपल्याकडंच होतं असं नाही, विम्बल्डनला डोरोथिया डग्लस 1903, 1904 आणि 1906 ला जिंकली आणि मग लॅम्बर्ट चेंबर्स या नावानं 1910, 1911, 1913 आणि 1914 ला, मिळून सात, पण नुसत्या आडनावांच्या यादीत तिची दोन माणसं होतात. आपल्या लीला राव, 1934 ला विम्बल्डनला मॅच जिंकणारी पहिली भारतीय बाई, त्याही पुढं लीला राव दयाळ म्हणून भेटतात. आमच्याकडं एका आजींनी फोनवर मला झापलंच, "अरे, ती सौ. पण मीच आणि ती कुमारी पण मीच, तुमच्या फळ्याला एवढं पण कळत नाही?" एका फोननं फळ्यावरची सगळ्यात जास्त वेळा जिंकणारी खेळाडूच बदलली.

म्हणजे माणसांकडं जायलाच लागतं. पण जाताना "फायनल कोणत्या साली झाली काका?" असं विचारू नका, कुणालाच साल आठवत नाही आणि विचारलं की माणूस ठोकून देतो. त्यांना खुंटी द्या. किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात कोर्टावर पाणी कुठनं मारलं? आणीबाणीत सेक्रेटरी कोण होता? तेव्हा मिलचा भोंगा वाजायचा का? आपल्या गावात भोंग्यासारखं दुसरं घड्याळ नाही, एका आजोबांना स्कोअर आठवत नव्हता पण दुसऱ्या सेटच्या मध्ये भोंगा झाला आणि प्रेक्षकांतले निम्मे लोक उठून पाळीला गेले हे आठवत होतं, ते कोण कोण उठले त्यांच्या नावांसकट. रॅकेट कसली होती ते विचारा, लाकडी की लोखंडी की मोठ्या डोक्याची. प्रिन्सची ती मोठी रॅकेट 1976 ला बाजारात आली, म्हणजे फोटोत ती दिसली तर फोटो त्याच्या नंतरचा, विषय संपला. बॉलच्या रंगावर मात्र जाऊ नका, पिवळा बॉल नियमात 1972 ला आला पण विम्बल्डननंच 1986 पर्यंत पांढरा सोडला नव्हता, आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटोत पिवळाही पांढराच दिसतो.

आणि सेक्रेटरी, प्रेसिडेंट यांच्या आधी मार्करकडं जा. मार्कर म्हणजे क्लबातला तो माणूस जो साहेबांना प्रॅक्टिस देतो, रॅकेटीला गट म्हणजे तात घालतो, बॉल मोजून ठेवतो, पोरांना ओरडतो. प्रेसिडेंट तीन वर्षांत बदलतात, मार्कर चाळीस वर्षं असतो. आमच्या जुन्या मार्करला सगळे मामा म्हणायचे, ऐंशी पार केलेले, पूर्व भागात राहतात, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, कोर्टावर इंग्लिश स्कोअर. पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन गेलो तर हो-नाहीपलीकडं बोलेनात. दुसऱ्या वेळी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून नेली आणि एक जुनी लाकडी रॅकेट नेली, प्रेसमध्ये, म्हणजे लाकूड वाकू नये म्हणून लावतात त्या स्क्रूच्या चौकटीत आवळलेली. मामांनी रॅकेट हातात घेतली, स्क्रू सैल केले, तातीवरून अंगठा फिरवला, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, "ही अमक्या साहेबांची. त्यांची मूठ जाड होती, मीच पट्टी गुंडाळली होती." मग दोन तास थांबलेच नाहीत.

1963 ची फायनल का ढकलली ते त्यांनीच सांगितलं. फायनलला पोचलेल्यांपैकी एक सरकारी साहेब होते आणि त्यांची ड्युटी लागली गड्ड्याच्या यात्रेच्या बंदोबस्ताला. आता संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघणार, अक्षता सोहळ्याला अख्खं गाव लोटणार आणि साहेब म्हणणार माझी टेनिसची मॅच आहे, असं सोलापुरात कुठं होतं काय? तर यात्रा उरकली, साहेब मोकळे झाले, मग फायनल. साहेब हरले. मामा म्हणाले, "पंधरा दिवस गड्ड्यात उभं राहून पाय गेले होते की त्यांचे." आता याला कागद नाही. पण वहीतली जानेवारीची नोंद आणि मामांची गोष्ट एकमेकांना न विचारता जुळल्या, म्हणून मी ती छापली, "मार्करने सांगितल्याप्रमाणे" असं स्पष्ट लिहून. हा नियम करून घ्या, निदान दोन वेगळ्या जागांहून तीच गोष्ट आली पाहिजे, आणि दोन जागा म्हणजे फळा आणि फळ्यावरून छापलेली जुनी स्मरणिका नव्हे, ती एकच जागा झाली.

पेपरचं काम कंटाळवाणं आहे पण चुकत नाही. आपल्याकडं हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, तिथं आधी फोन करून जुन्या अंकांच्या कोणत्या वर्षांच्या फायली आहेत ते विचारा म्हणजे फेरी फुकट जात नाही. स्थानिक पेपर बघताना फक्त खेळाचं पान शोधू नका, पूर्वी खेळाचं पान नसायचंच, फायनलची बातमी "स्थानिक वार्ता"मध्ये लग्न, बदली आणि हरवले-सापडलेच्या मध्ये चार ओळींत असायची. इंग्लिश पेपर कॉम्प्युटरवर शोधत असाल तर सोलापूर नव्हे, जुन्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे शोलापूर असं टाका, मी तीन दिवस नवीन स्पेलिंगवर शोधत बसलो आणि म्हणत राहिलो की काहीच नाही. पान मोडकं असेल तर सेलोटेप लावू नका, फोटो काढा, आणि फोटो काढताना पेपरचं नाव आणि तारीख त्याच फोटोत येऊ द्या, नाहीतर घरी आल्यावर शंभर फोटो आणि एकाचीही तारीख नाही, हे माझ्या बाबतीत झालंय.

एक जागा कुणाच्या डोक्यात येत नाही ती म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस. क्लब 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर कमिटी बदलली की बदल अर्ज आणि दरवर्षीचे हिशेब तिथं जायला पाहिजेत. म्हणजे कोणत्या साली कोण सेक्रेटरी होता यावर क्लबात कितीही वाद होऊ देत, तिथल्या फाइलीत सही असते. नक्कल मागायला अर्ज, थोडी फी आणि बरीच सबुरी लागते.

आता खाडे. रिकाम्या ओळी भरायचा मोह फार होतो, कमिटीला तर होतोच, कारण बॅनरवर "अखंड" छापायचं असतं. माझ्याशी यावरून मीटिंगमध्ये खडाजंगी झाली. पण रिकामी ओळ म्हणजेच गावाचा इतिहास आहे हो. सोलापुरातली स्पर्धा जुनी असेल तर 1930 चं साल बघा, मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, पुढच्या जानेवारीत चौघा हुतात्म्यांना फाशी दिली, त्या हिवाळ्यात कोण रॅकेट घेऊन निघालं असेल का, विचारा. 1942 नंतरची वर्षं बघा, मलाया जपाननं घेतल्यावर रबराचा तुटवडा होता आणि रबर नाही म्हणजे बॉल नाहीत. 1948 ला पोलीस अ‍ॅक्शनची फौज सोलापूरच्या बाजूनंच हैदराबादकडं गेली. 1972 ला प्यायला पाणी नव्हतं. 2020-21 तर आपण सगळ्यांनीच बघितलं. स्पर्धा झाली नाही याचा पुरावा मिळाला तर "झाली नाही" लिहा, कारणासकट. पुरावाच नाही मिळाला तर "नोंद नाही" लिहा. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

लिहिताना विजेत्यांची यादी शेवटी टाका, अगदी बारीक टाइपात, ज्याला हवी तो बघेल. पुढची पानं कोर्टाला द्या. मुरूम कुठून यायचा, लाइट कधी लागले, बायकांचा गट कधी सुरू झाला, बाहेरगावचे खेळाडू उतरायचे कुणाच्या घरी, मिल बंद पडल्यावर एंट्र्या किती घटल्या, हल्ली सोलापुरात महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) स्पर्धा व्हायला लागल्यावर पोरींची संख्या वाढली का. आणि प्रत्येक ठिकाणी हे कुठून कळलं ते एका कॉलमात लिहाच, वही पान अमुक, पेपर तारीख अमुक, मामा, आजी. स्मरणिकेत तो कॉलम छापणार नाहीत, जाहिरातींना जागा लागते, पण शीटची एक प्रिंट काढून वाचनालयात द्या आणि एक क्लबच्या कपाटात करंडकाशेजारी ठेवा. पेनड्राइव्हवर भरवसा नको, आमच्या मागच्या सेक्रेटरींचा पेनड्राइव्ह त्यांच्या नातवाकडं आहे आणि त्यात आता कार्टून आहेत.

छापायच्या आधी प्रूफ तीन जणांना दाखवा, एक खेळलेला, एक हरलेला आणि एक मार्कर. मी मामांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाकी ठीक आहे, फक्त खुर्च्या पंचवीस नव्हत्या, तीस होत्या, पाच माझ्या घरनं नेल्या होत्या, त्याचं भाडं कुणी दिलं नाही.

ते पण टाकलं.